आत्याने उतारा म्हणून टाकलेलं कॉमिक

“वैनी, तुमची लेक बाहुलीला टाचण्या टोचायचं शिकून राहिली, बरं का!”

मी न्हाणीत होते, डोक्याला शाम्पू. बाहेर कुरुंद्याहून आलेली आत्या आईला बातमी देत होती.

“पुस्तक इंग्रजी हाय. अभ्यासाचंच असंल,” आई म्हणाली.

अभ्यासाचं नव्हतं. मैत्रिणीच्या आजोबांचं फार जुनं कॉमिक होतं. दोन गुप्तहेर, एक झपाटलेला बंगला आणि वूडू, म्हणजे तिकडची करणी! पानं पापडासारखी. आजोबा ते कुणालाच देत नाहीत. मला दिलं, कारण मी ‘शांत मुलगी’ आहे. संध्याकाळी परत करायचं होतं.

केस पुसत बाहेर आले, तर पलंगावर कॉमिक नाही.

“उतारा टाकून आले तिकाटण्यावर,” आत्या म्हणाली. “दहीभात, लिंबू, हळद-कुंकू अन् ते पुस्तक. आता तिकडं बघू बी नको.”

(मला न विचारता! लोकांची वस्तू! आणि वर दहीभात!) हे सगळं मी मनातल्या मनात ओरडले. वसमतच्या इंग्रजी शाळेत मी वादविवाद शिकले होते, पण समोर आत्या असेल तर काय करायचं हे तिथे नव्हतं.

मी अनवाणीच पळाले.

तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथेच, हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर अडला होता. मागे दोन ऑटो, त्यांच्या मागे म्हशी.

“उताऱ्यावरून नेऊ काय? घरी लेकरं हायत माझी!” ट्रॅक्टरवाला ओरडत होता.

“मंग बाजूला सार की!” ऑटोवाला म्हणाला.

“तू सार! व्हय, उतर ना खाली!”

मी वाकले आणि कॉमिक उचललं. मुखपृष्ठावरच्या गुप्तहेराच्या टोपीवर दही होतं, गालाला कुंकू. दही ओढणीने निघालं. कुंकू पसरलं! आता आजोबांना काय सांगू?

“हात लावला की हो पोरीनं!” कुणीतरी किंचाळलं. गर्दी दुभंगली. म्हशीसुद्धा सरकल्या.

घरी पोचले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. आत्या दारातच.

“तुला काहीच झालं न्हाई?”

रागाने माझे ओठ नुसते थरथरत होते. आत्याला वाटलं, मंत्र! ती दोन पावलं मागे सरली. मग आईकडे चोरून बघत जवळ आली आणि हळूच म्हणाली,

“लेकरा, माझ्या नणंदेची एक बाहुली होईल काय गं?”

मला शर्टाचं बटणही शिवता येत नाही. तरी सकाळपासूनचं माझं पहिलं वाक्य मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले,

“मापाला तिचं ब्लाऊज आण. टाचण्या तुझ्या!”