माजी विद्यार्थ्यांच्या दारोदार

"ओळखीशिवाय आजकाल काही होत नाही बाप्पा," असं म्हणत शोभानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, तीन पिशव्यांत चिन्नोर (इकडचा सुवासिक तांदूळ) भरला आणि मला नि भाचीला भंडाऱ्याच्या बसस्टँडवर पिटाळलं. मी नाशिकहून सुट्टीला आलो होतो तो खरं तर झोपायला. पण राइस मिलच्या ऑफिसात काम करणाऱ्या भाचीला, प्रणालीला, मॅनेजमेंटच्या एका बड्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, आणि क्लासवाल्यानं कानमंत्र दिला होता: तिथले माजी विद्यार्थी गाठा, तेच खरं भांडवल. गोंदिया वेगळा झाल्यापासून जिल्हा आटलाय, त्यामुळे सापडले तिघंच. यंदा प्रवेश हुकला तर उन्हाळ्यात लग्न उरकायचं, असं भाऊजींनी पोरीला बजावलं होतं. त्यामुळे प्रवासाची हौस फक्त पिशव्या भरणाऱ्या शोभालाच होती.

पहिला मुक्काम जवाहरनगर. सावलीचे रस्ते, कारखान्याच्या बसेस आणि एकसारखी क्वार्टर्स. इतकी एकसारखी, की आम्ही चिन्नोर चुकीच्या घरात देऊन बसलो. त्या बाई "कशाला, कशाला" म्हणत पिशवी आत घेऊनही गेल्या. ती परत मागताना मला घाम फुटला.

योग्य घरातले माजी विद्यार्थी सुट्टीवर वडिलांकडे आले होते. त्यांनी प्रणालीला नेटवर्कचं महत्त्व समजावलं. नेटवर्क म्हणजे श्वास, नेटवर्क म्हणजे शेती, पेराल ते उगवेल. चहा निवून गेला तरी पेरणी संपेना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, नाशिकात तुमच्या ओळखीत कोणी नागपूरला प्लॉट घेणारं आहे का?" बाहेर पडलो तेव्हा तांदूळ त्यांच्याकडे होता आणि प्लॉटची चकचकीत माहितीपत्रकं माझ्याकडे. कोण कुणाचं नेटवर्क, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पवनीवरून लाखांदूर. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाचा रोवणा (भाताची लावणी) दिसत होता. चिखलात ओणवलेल्या बायका, मध्येच एखादा तलाव, त्यात शांत उभे बगळे. प्रणाली मात्र डोळे मिटून क्लासची उत्तरं घोकत होती.

लाखांदूरचे माजी विद्यार्थी धानाच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. घरी त्यांची आई होती. तिनं आधी मला, मग प्रणालीला, मग पिशवीला न्याहाळलं आणि चेहरा असा काही खुलला!

"पोरगीबी संगच आणली का जी? चांगलं केलं, आता काय लपवाचं."

पोहे आले, चिवडा आला, शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलाला दुकानातून बोलावून घेतलं. तो नवा शर्ट घालून आला. मला वाटलं, काय हा जिल्हा, काय हे अगत्य!

"सैपाक येते का पोरीले?" आईनं विचारलं.

मुलाखतीची तयारी करून घेतायत, असं समजून मी छाती फुगवून सांगितलं, "सगळं येतं. शिवाय कॉम्प्युटर."

"आन पुढं काय कराचं म्हणते?"

"एमबीए," प्रणाली म्हणाली.

"आता कायले वं? आमचा करून बसला ना. एका घरात एक पुरे."

प्रणालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मामा, उपवर भाची, तांदळाची पिशवी. मी मुलगा बघायला आलो होतो, आणि ते फक्त मलाच माहीत नव्हतं. चिरंजीव बिचारा भला. फाटकापर्यंत पोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "मी तिथं शिकलो काय, तर गोदामाला वेअरहाऊस म्हणायला. नीट विचार करून जा."

परतीच्या वाटेवर धानाच्या शेतांत वसलेलं आसगाव. तोवर मी वैतागलो होतो आणि प्रणाली रडकुंडीला आली होती. तिसऱ्या माजी विद्यार्थिनी संध्याताई, बंगलोरला नोकरी, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. ओसरीवर बुद्धाची मूर्ती, तिच्याजवळ बसून त्या लाखोळीची (एका कडधान्याच्या कोवळ्या पाल्याची) भाजी निवडत होत्या. पिशवी बघून खळखळून हसल्या.

"आसगावले तांदूळ आणता का जी? घरी न्या."

मी थेटच बोललो. "ताई, तुम्ही एक फोन टाकला असता तर…"

"मामाजी, माह्या फोननं तिथलं दार उघडलं असतं, तं आधी माह्या भावाले घुसवलं असतं." मग प्रणालीकडे वळल्या. "तुले एमबीए काहून करायचं हाय?"

प्रणालीनं नेतृत्वगुणांचं उत्तर घडाघडा म्हटलं.

"हे क्लासवाल्याचं झालं. आता तुझं सांग."

पोरगी खाली मान घालून म्हणाली, "लग्न टळावं म्हणून."

"हे खरं हाय, पण अर्धं. लग्न तं बाहेरगावच्या नोकरीनंबी टळते. एमबीएच काहून?"

असं बराच वेळ चाललं. ताई सोडेनात. प्रणाली चिडली, रडली, आणि मग एकदम बोलली, "राइस मिलच्या ऑफिसात मी सांगते तसंच साहेब करतात, पण नाव होते त्यांच्या पुतण्याचं. मले माझ्या नावानं काम करायचं हाय!"

"हे बोलजो तिथं," संध्याताई म्हणाल्या आणि भाजीचं टोपलं तिच्यापुढे सरकवलं.

मुलाखतीत प्रणाली तेच बोलली. निवड झाली. जवाहरनगरहून लगेच फोन आला, "मी शब्द टाकला होता." लाखांदूरच्या आईंनीही निरोप धाडला, की आमच्या घरचा पायगुण. संध्याताईंनी फक्त सांगितलं, होस्टेलला पंखा चालतो का ते बघून घे.

मी तोवर नाशिकला परतलो होतो. ओळख म्हणजे आपल्यासाठी दार उघडणारा माणूस, असं मी जन्मभर मानत आलो. आता वाटतं, तोंडावर खरं विचारणारा एक माणूस भेटला तरी पुष्कळ. कॉलेज सुरू झाल्यावर हे सगळं भाचीला फोनवर ऐकवायला गेलो, तर ती मला तोडून म्हणाली, "मामाजी, इथं माझ्यासारखी दारोदार हिंडलेली मीच एकटी. या पोरायचे बापच इथले माजी विद्यार्थी आहेत."

मी धास्तावून विचारलं, "मग गं?"

"मग काय? माझ्या पोरायची आईबी इथली माजी विद्यार्थिनी राहीन."