गालातल्या सात गाठी

राजूरहून निघाले त्या सकाळी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली होती. एकतीस वस्तू. आदल्या दिवशी लग्न लागलं होतं, वणीहून पुढची गाडी पकडायची होती आणि कोळशाच्या ट्रकांनी रस्ता कधी अडेल याचा नेम नव्हता. म्हणून रडण्याआधी मी सामान मोजून घेतलं. बाबांनी खाणीतून सुट्टी काढली होती. आईनं माझे केस डाव्या कानावरून पुढे ओढले. "असेच घेत जाय वो, तुले शोभते," एवढंच म्हणाली.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. चिंचवडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणतं बेअरिंग कोणत्या रॅकवर, हे मला झोपेतही सांगता येईल. माहेरही मी असंच सांभाळलं: दिवाळीला पाच दिवस, बाबांच्या गोळ्या, आईचा चष्मा. तिकडे राहिलेल्यांना हे कोरडं वाटेल. माझ्यासारखे जे निघाले त्यांना ठाऊक आहे, दूर राहून माया करायची तर ती लिहून ठेवावी लागते.

गेल्या उन्हाळ्यात डाव्या कानाखाली बोटांना खडबडीत लागलं. दुखत नव्हतं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, तरी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, इथे आधी ऑपरेशन झालंय का? झालं होतं. लग्नाच्या वर्षभर आधी कानापुढची बोराएवढी गाठ काढली होती. साधी होती, संपली, असं बाबांनी सांगितलं होतं.

गाठ साधीच होती. लाळेच्या ग्रंथीतली, कॅन्सरची नव्हे. पण ही जात अशी, की नुसती सोलून काढली तर तिचे कण मागे राहतात आणि कित्येक वर्षांनी पुन्हा वाढतात. एमआरआयमध्ये सात दिसल्या. चेहरा हलवणारी नस त्यांच्यामधून जाते आणि जुन्या व्रणात ती शोधणं अवघड. काढताना दुखावली तर डोळा मिटणार नाही, ओठ लोंबेल. तशाच ठेवल्या तर वाढतील, क्वचित बिघडतीलही. डॉक्टर म्हणाले, "दरवर्षी तपासायला हवं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बाहेर येऊन बाकावर बसले आणि आईला फोन लावला. तेव्हा डॉक्टर काही म्हणाले होते का, एवढंच विचारलं.

"म्हणाले होते. पुन्हा होऊ शकते म्हणे, दरसाली दाखवा म्हणे. पन तुह्यं लगन जमून राह्यलं होतं. गाठवाली पोरगी कोन करन? म्याच तुह्या बाबाले म्हटलं, तोंडातून काढू नका."

"आणि नंतर?"

"नंतर मी पाहत होती ना. दर दिवाळीले. तेल लावताना."

माहेरच्या पहिल्या संध्याकाळी आई डोक्याला तेल लावायची, बोटं कानामागे रेंगाळायची. मी ते लाड समजत होते. ती तपासणी होती.

"मागच्या दिवाळीले लागलं हाताले," ती पुढे म्हणाली. "ज्वारीएवढं."

मी विचारलं, मग सांगितलं काहून नाही? किती वर्षांनी तोंडातून 'का'ऐवजी 'काहून' निघालं.

"आता नातीचं जमून राह्यलं होतं ना."

मी फोन ठेवला. आपल्या स्टोअरमधली एक अख्खी खोली आपल्याला कधी दाखवलीच नव्हती, असं काहीतरी वाटलं.

घरात सगळ्यांचं मत पडलं की लग्न आधी उरकावं, ऑपरेशन नंतर. वाकड्या तोंडानं वधूची आई कशी मिरवणार? मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, तू आजीसारखं करणार आहेस का? मग मी नवऱ्या मुलाच्या आईला फोन करून सगळं क्रमानं सांगितलं. घरात विचारते, म्हणाली. नऊ दिवस काही उत्तर नाही. दहाव्या दिवशी मी ऑपरेशनला गेले.

पाच तास लागले. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा. दोन्ही मिटले. हसा म्हणाले, तेव्हा ओठांचा डावा कोपरा जागचा हलला नाही. हालचाल परत यायला महिने लागतील, म्हणाले, कदाचित पूर्ण येणारही नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाची आई भेटायला आली. राजूरहून आलेली आई माझ्या उशाशी होती. पाहुणीला ती बसा म्हणाली आणि उभ्याउभ्याच बोलली, "लपवलं ते म्या. माह्या पोरीले मालूमच नव्हतं. दोष ठेवायचा तर माह्यावर ठेवा."

बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तारीख दोन महिने पुढे घेऊ, तुम्हाला नीट जेवता आलं पाहिजे.

राजूरच्या घरी जाणं आता सोपं नाही. ज्या हातांनी मला जपलं त्यांनीच मला अंधारात ठेवलं, आणि यातलं एक वजा करून दुसरं शिल्लक ठेवायचं म्हटलं तर ते जमत नाही. राग गेलेला नाही. तरी पंधरा तारखेचं तिकीट काढलं. आईला फोनवर सांगितलं, भांडायला येते आहे.

"ये," ती म्हणाली. "जेवून मंग भांडू."