मुरबाडच्या मिस्त्रीचे बोल्ट

मंडळी, आज किन्हवलीत आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, लॉरीचं डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दातेरी चक्रांची पेटी, उघडलं. लढाईच्या काळात मुरबाडहून भात वाहणारी ही लॉरी बाबांना एकदा तरी पुन्हा चाललेली बघायचीय.

आतलं दात झिजलेलं मोठं चक्र बदलायचं होतं. शहापूरचे मेकॅनिक अनंतकाका आधीच कुरकुरत होते. "कंपनीने खर्च वाचवायला चक्र रिव्हेटने कायमचं ठोकलंय. रिव्हेट तोडताना चक्र ज्यावर बसतं ते घर फुटलं, तर दुसरं मिळायचं नाय."

झाकण निघालं आणि काका वाकून आत बघायला लागले. रिव्हेट नव्हतेच! सगळीकडे बोल्ट, आणि ढिले पडू नयेत म्हणून तारेने एकमेकांना बांधलेले. पाना लावला, सुटले!

बाबा हसायलाच लागले. "मुरबाडच्या मिस्त्रीचं काम गो हे! ऐन सुगीत हे चक्र बदलायला लॉरी अडवून ठेवली म्हणून अण्णा त्याला शेवटपर्यंत शिव्या द्यायचे."

पुन्हा रिव्हेट ठोकून तो लवकर मोकळा झाला असता. पण पुढे कधीतरी उघडणाऱ्याचा विचार त्याने केला. कंपनीने केला नव्हता.

काकांनी नव्या बोल्टांनाही तशीच तार बांधली. झाकण बसवण्याआधी बाबांनी अण्णांच्या वतीने आत बघून हात जोडले.

तुमच्या घरात अशी कोणाची माफी मागायची राहिलीय का?