ताईच्या बोटांची फाइल

शहापूरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं आमच्याकडून पळत्या अक्षरांचा बोर्ड घ्यायचं कबूल केलं, तेव्हा मी वाशिंदच्या आमच्या शेडमध्ये चक्क नाचलो. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं ती. असे बोर्ड मी मुंबईत पाहिलेले, पण इंग्रजीतले. आमचा मराठीत पळणार होता!

आणि तोही हळदीला. आमच्याकडे हळदीत नवऱ्यामुलाइतकाच मान माइकवाल्याला. पाहुण्यानं मांडवात पाय टाकला रे टाकला, की ‘अमुक गावचे माजी सरपंच यांचं सहर्ष स्वागत’ ऐकू यायला हवं. नाहीतर पाहुणा रुसला म्हणून समजा. मालकाला तीच नावं त्याच घडीला बोर्डावर हवी होती. त्यासाठी झपाट्यानं टाइप करणारं माणूस लागणार. मालकाचा भाचा तयारच होता, पण तो एका बोटानं कोंबडीसारखा टिपायचा. मी म्हटलं, माझी ताई बसेल.

ताई मुरबाडला दिलेली. तिथल्याच क्लासात ती मराठी टायपिंग शिकली, परीक्षा पास झाली आणि थोड्याच दिवसांत ऑफिसांतली टाइपरायटरं भंगारात गेली. मेहुण्यांची कंपनी बंद पडल्यापासून ती कामासाठी वणवण करत होती. मालक म्हणाला, “एक हळद बघू. जमलं तर ती, नाय तर भाचा.”

आता ताईला टाइपरायटरसारखीच बटणं हवीत. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर, हे सांगणारी तयार फाइल मिळाली, पण ती कंप्यूटरसाठी. आमच्या बोर्डातली चिप नखाएवढी, तिच्यात एवढी फाइल मावणार कशी? मग मी एक प्रोग्रॅम लिहिला. फाइलीतून कामाच्या तेवढ्या ओळी उचलायच्या, शिफ्टची अक्षरं वेगळी काढायची आणि सगळ्याचा आकड्यांचा इवलासा तक्ता करून चिपमध्ये भरायचा. पहिल्यांदा ‘म’ दाबला आणि बोर्डावर लालभडक ‘म’ पळाला. अहाहा! मी शेजारच्या गॅरेजवाल्याला हात धरून ओढत आणलं. तो म्हणाला, “यात काय एवढं?” मेल्याला काय कळणार!

ताई आली, पदर खोचून बसली. बोटं अशी धावली की बघत राहावं. बोर्डावर आलं: ‘लवरालवरी’.

“ताई, सावकाश,” मी म्हटलं.

“माझी बोटं चुकत नाय रे. तुझा डबा चुकतोय.”

मी भडकलोच. सगळी फाइल ओळीनं ताडून पाहिली. ‘न’ जिथं हवा तिथंच होता, ‘ल’ही. मग घोडं पेंड कुठं खातंय? पुन्हा टाइप केलं, पुन्हा ‘लवरालवरी’. ताईचा चेहरा उतरला. हळद दोन दिवसांवर आलेली. ती हळूच म्हणाली, “भाच्यालाच बसू दे मग.” बोटं जिथं शिकली तिथंच जाऊन बघू, असं मी ठरवलं. तिला स्कूटरवर बसवलं आणि थेट मुरबाडच्या क्लासात गेलो.

सर पार म्हातारे झालेले. कोपऱ्यात पोत्याखाली ताई ज्यावर शिकली ते मशीन होतं. कागद चढवून ताईनं ‘नवरानवरी’ मारलं. उमटलं ‘नवरानवरी’! सर खो-खो हसले. “अगो, हे आपलं मुरबाडी मशीन. दुरुस्तीवाल्यानं ‘न’ आणि ‘ल’ अक्षरांचे खिळे उलटसुलट बसवले, ‘ल’ दाबला की ‘न’ उमटतो. पुन्हा कोण बोलावणार त्याला? मी तसंच शिकवलं. परीक्षेला मशीन आपलंच न्यायचो, कुणाला कळतंय?”

मी सरांच्या पायाच पडलो. परत येऊन तक्त्यातले दोन आकडे अदलाबदल केले. दोनच! एवढ्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

हळदीला माइकवाला इरेला पेटला. वैशाखरे गावचे मामा, सापगावचे पाटील, पोलीस पाटील, भजनी मंडळ, कुणाला सोडतोय! त्याच्या तोंडून नाव निघायचा अवकाश, बोर्डावर ते पळतंय. मांडवातली माणसं नवऱ्याकडे पाठ करून बोर्डाकडे बघायला लागली. माइकवाला दम खायला थांबला, ताई नाही. मला तर ओरडावंसं वाटत होतं, ही माझी बहीण आहे म्हणून!

जेवणं सुरू झाल्यावर मालक भाच्याला घेऊन आला. “फस्क्लास. आता ह्यालापण शिकव थोडं. तू नसलीस तर टाइमाला कामी येईल.”

भाचा शिकला की ताईला कोण विचारणार? ताईनं पदरानं हात पुसले.

“शिकवते की. पण आधी माझं नक्की करा.”

घरात कधी चढ्या आवाजात न बोलणारी माझी ताई! मालकानं भाच्याकडे बघितलं. भाचा एका बोटानं ‘न’ लिहिलेलं बटण दाबत होता आणि बोर्डावर एकामागून एक ‘ल’ पळत होते.

“नक्की,” मालक म्हणाला. “उद्या वाशिंदच्या पार्टीची हळद आहे. लवकर या, ताई.”