स्टिअरिंगपासून लांब

डेंग्यूचा ताप उतरला, पण झोप काही सरेना. रात्रभर गाढ झोपूनही सकाळी चहाचा कप हातात असतानाच डोळे मिटायचे. दोंडाईच्यात मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. बरेच दिवस घरी बसून होतो, म्हणून ताप जाताच कामाला लागलो.

एका सकाळी रेल्वे फाटक लागलं. इंजिन बंद केलं. पुढचं आठवतं ते एकदम मागच्या गाड्यांचे हॉर्न, आणि माझा खांदा हलवणारी एक लहान मुलगी. "काका, उठा ना, फाटक उघडलं!"

गाडी उभी होती म्हणून निभावलं. चालती असती तर?

व्हॅन तिथेच कडेला घेतली आणि व्हॅनच चालवणाऱ्या मित्राला फोन केला. आपल्या व्हॅनमधली मुलं शाळेत सोडून तो धावत आला. "चावी दे," तो म्हणाला. "पोऱ्हेसले मी लई जास. तू घर जाय." मुलांना घेऊन तो शाळेकडे निघाला, मी घरी.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. "अशा तापानंतर काहींना झोप अनावर होते. हा आळस नाही, हळूहळू जाईल. पण तोवर गाडी चालवायची नाही."

पालकांना मी स्वतः फोन करून खरं ते सांगितलं, आणि तोवर मुलांना मित्र नेईल हेही. एक जण म्हणाले, "झोप येते म्हणून सुट्टी?" लागलं मनाला, पण निर्णय बदलला नाही.

रोज ठरल्या वेळी उठायचं, दुपारी गजर लावून थोडंसंच झोपायचं, संध्याकाळी बायकोबरोबर चालायचं. एकदा जोशात स्टेशनपर्यंत गेलो, तर दुसरा अख्खा दिवस अंथरुणात गेला. आई म्हणाली, "आंग अजून कच्चं शे, भाऊ." मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जायला लागलो. तिथून थोडं थोडं वाढवलं.

पुढे मित्राच्या शेजारी बसून फेरी करून पाहिली. शाळा येईपर्यंत डोळे जडावले.

"आता बरा दिसतोस की," तो म्हणाला.

"नाही. अजून नाही."

काही आठवड्यांनी जाता-येता दोन्ही वेळा टक्क जागा राहिलो. डॉक्टरांनीही होकार दिला. दुसऱ्या दिवशी मुलांना दार नीट लावायला सांगून मी गिअर टाकला.

दुपारची झोप मात्र अजून घेतो. हसणाऱ्यांनी हसावं.