बेसाहच्या दुधाचे सौदारा

माक बेसाहला मी चांगली ओळखते. तिच्या घराला लागूनच माझं कॉफीचं दुकान. माक म्हणजे आई, आणि अख्खं गाव तिला तसंच हाक मारायचं. तिची स्वतःची दोन्ही लेकरं तान्हेपणीच गेली आणि नवऱ्याला समुद्रानं नेलं. पण कुठल्याही घरात पोर उपाशी रडलं की ही बया हजर. माझ्या थोरलीलाही तिनंच पाजलं, वर मलाच म्हणाली, "दूध नाही अंगावर, तोंड मात्र बघा कसं चालतंय!"

आता आम्हा मुसलमानांत एकाच बाईचं दूध प्यालेली पोरं म्हणजे सौदारा, सख्खी भावंडं. त्यांचं आपसात लग्न होत नाही.

होडी बांधणारा देरामान आणि शेपियाह यांचं लग्न ठरलं, अंगठीसुद्धा घालून झाली. शेपियाहची आई बाळंतपणातच गेलेली, ती बेसाहच्या दुधावर वाढली हे सगळ्यांना माहीत होतं. देरामानचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या आईला दूध नव्हतं, त्याची तिला लाज; तिनं त्याला बेसाहकडून लपवून पाजून घेतलेलं आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. शेवटी बेसाहलाच सांगावं लागलं.

देरामान तिच्या पायऱ्यांशी उभा राहून ओरडला, "शाळेत मास्तरांनी शिकवलंय! सौदारा हा मुळात संस्कृतातला सोदर, गलबतांतून आपल्याकडे आलेला. एका पोटचा, असा अर्थ आहे त्याचा. आम्ही कुठे एका पोटचे?"

बेसाह वरून म्हणाली, "त्या लोकांकडे असेल बाबा तसं. आपल्याकडे आता शेजाऱ्यालाही सौदारा म्हणतात, भाषण ठोकणारा पुढारीही म्हणतो. पोटं दोन असतील रे, छाती एकच होती."

लग्न मोडलं. शेपियाह खाडीपलीकडे दिली. देरामाननं लग्न केलंच नाही, आणि बेसाहच्या दारावरून जाणंही सोडलं. ती माशांचे पापड तळले की त्याला ताट पाठवायची आणि ते तसंच परत यायचं. मग ते मीच खायची. वाया कशाला घालवायचं?

अशी बरीच वर्षं गेली. पापड विकून विकून बेसाहनं मक्केला जाण्यापुरतं जमवलं. पण आमचे इमामसाहेब म्हणाले, बाईला एकटीला जाता येत नाही; सोबत नवरा, भाऊ, नाहीतर मुलगा हवा. दुधाचा मुलगा चालतो. तिच्या दुधाचे बाकीचे मुलगे सिंगापूरच्या गोदीत पांगलेले. गावात होता तो एकटा देरामान.

"अगं, विचार की त्याला!" मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं? त्या लेकराचं सगळं मीच हिरावून घेतलं," म्हणाली आणि डोळे पुसत बसली. मला अस्सा राग आला दोघांचा! मी सरळ शेपियाहला निरोप धाडला.

ती दुसऱ्याच दिवशी कडेवर पोर घेऊन आली ती थेट देरामान बांधत होता त्या होडीपाशी. मी मागोमाग गेले. मला कसं राहवणार?

"दादा, आईला मक्केला घेऊन जा."

देरामान रंधा मारतच राहिला. "ती माझी कोण?"

"कुणी नाही? मग मी तरी तुझी बहीण कशी?" शेपियाहचा आवाज चढला. "आणि बहीण नव्हते, तर लग्नाच्या दिवशी मला खाडीपलीकडे नेणाऱ्या त्या होडीत का बसू दिलंस? मी तिकडे इतकी रडले ते उगाचच?"

देरामाननं रंधा खाली ठेवला. आणि पाठ फिरवून होडीच्या पलीकडे निघून गेला. मला वाटलं, झालं, बोंबललं सगळं.

पण नावं नोंदवायच्या दिवशी बंदरातल्या कचेरीत बेसाहला घेऊन मी आणि शेपियाह पोहोचलो, तर स्वारी आमच्या आधीच रांगेत उभी! कमरेला धुतलेला सारोंग गुंडाळलेला, डोक्यावर काळी टोपी. बेसाहची त्याच्याकडे बघायची हिंमत होईना.

कारकुनानं विचारलं, "ही बाई तुमची कोण?"

तो डोक्यावरची टोपी सारखी करत राहिला. बेसाहनं मान खाली घातली, मागे वळायलाच निघाली.

"आई," तो म्हणाला. मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्यानं, "दूध प्यालोय मी हिचं!"

"साक्षीदार?"

"मी," शेपियाह पुढे झाली. "दुसऱ्या बाजूला मी होते."

कारकून हसला, रांग हसली, आणि देरामानलाही हसू आवरेना. माक बेसाह त्याच्या दंडाला धरून हमसून हमसून रडत होती, आणि तो तिला धरू देत होता.