हैबतरावांनी हरवलेला जगज्जेता

नांद्यात हैबतरावांनी निम्मं रान विकलं आणि उरलेल्यात तीन मजली इमारत उठवली. भाडेकरू ठेवताना ते गाव विचारायचे, नोकरी विचारायचे आणि शेवटी, "बुद्धिबळ येतंय का?" येत नसलं की इमारतीत पाण्याची लई टंचाई असायची. येत असलं की बोअर भरून वाहायची.

अकोल्याचा कौस्तुभ असाच आत आला. हिंजवडीत कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये हैबतरावांपुढं. डाव अर्ध्या तासात संपायचा, वाद जेवणापर्यंत चालायचा. वाद एकच: आजवरचा सगळ्यात थोर बुद्धिबळपटू कोण?

"कार्लसन, काका. रेटिंग बघा ना."

"थंडीच्या मुलखातला गडी. बाहेर पडता येत न्हाई म्हनून खेळतोय."

"मग कास्पारोव?"

"मधीच सोडून गेला. खेळनारा मानूस मधनं उठतो व्हय?"

"आनंद तरी?"

"चांगला हाय," हैबतराव उदारपणे म्हणायचे. "पर आमच्या माले गावच्या अण्णासाहेबांपुढं बसला न्हाई अजून."

अण्णासाहेब जुन्या देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं कायम एकच घर चालायचं, घाई कुणालाच नसायची. सगळ्या खोऱ्यात त्यांना कुणी हरवलं नव्हतं, एक सोडून. चाळीस वर्षांमागं मालेच्या जत्रेत हैबतरावांनी त्यांना प्याद्यानं मात दिली होती, आणि देशी खेळात प्याद्यानं मात देण्याइतका मान कशालाच नाही. तेव्हापासून ते अण्णासाहेबांचं एवढं कौतुक करत, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय मोठ्या मनाचा माणूस! हैबतरावांची बायको सारजाबाई मात्र म्हणायची, "अण्णांना चढवलं की हे आपसूक वर चढत्यात."

"रविवारी मालेला जाऊ," कौस्तुभ म्हणाला. "मला बघायचंय त्यांना."

हैबतरावांना गुडघा आठवला, मग कुणाचं तरी लग्न आठवलं. चाळीस वर्षांत ते मालेवरून कितींदा गेले, पण अण्णासाहेबांच्या दारात थांबले नव्हते. थांबलं तर परत डाव मांडायला लागला असता. पण कौस्तुभनं गाडीच दारात आणून लावली.

अण्णासाहेब ओसरीवर बसले होते. पंच्याऐंशीचं वय, जाड भिंगाचा चष्मा. "कोन? नांद्याचा हैबती का रं?"

कौस्तुभ पाया पडला. "आजोबा, काकांनी तुम्हाला जत्रेत हरवलं होतं ना?"

"ह्यानं? मला?" म्हातारा विचारात पडला. "न्हाई बा. ह्यो बघायला हुबा असायचा."

"अण्णा, प्याद्यानं मात!" हैबतरावांचा आवाज चिरकला. "तुमचा राजा कोपऱ्यात हुता. सगळी जत्रा गोळा झालती!"

"आसंल. आता मांड की मग."

पट मांडला. बाराव्या चालीला अण्णासाहेबांनी वजीर आणून थेट हैबतरावांच्या घोड्याच्या तोंडी ठेवला. कौस्तुभला दिसलं. हैबतरावांनाही दिसलं. उचलायचा अवकाश, की जत्रेतली मात शाबीत.

त्यांचा हात घोड्याकडं गेला. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं. वजीर कुठल्या घरात बसला, ते अण्णासाहेब बोटांनी चाचपून बघत होते. असल्या माणसाला हरवून काय शाबीत होणार? उलट उद्या हेच पोरगं पार्किंगमध्ये विचारणार, हाच का तुमचा जगज्जेता?

हैबतरावांनी घोडा सोडला आणि उंट एक घर मागं घेतला. अर्ध्या तासात ते हरले.

"बरा खेळतूस," अण्णासाहेब म्हणाले. "बघून बघून शिकलास जनू."

परतीच्या वाटेवर गाडीनं पौड मागं टाकलं. मग कौस्तुभ हळूच म्हणाला, "काका, वजीर फुकट होता."

"तुला दिसला?"

"स्पष्ट."

"तितंच तू आन तुझा कार्लसन फसनार. अण्णाचा वजीर कधी फुकट नसतो. घेतला असता तर सहा चालीत मात हुती."

"कशी?"

"ती तुमाआमाला दिसली असती, तर अण्णाला थोर कोन म्हनलं असतं?"

कौस्तुभनं गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये एक नवा भाडेकरू खोली बघायला आला होता. हैबतराव त्याला खुर्ची देत सांगत होते, "अण्णासाहेबांनी लई मोठमोठी मानसं हरवली. कालच्याला तर मलाबी."